महिरपी कंसातली भांडी

मेल्यानंतरही माणसाने उरावं कसं, या प्रश्नाला धर्माने, तत्त्वज्ञानाने आणि कलेने आपापल्या परीने उत्तरं दिली आहेत. सांगलीत आमच्या गल्लीपुरतं उत्तर भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसाने दिलं. पातेल्याच्या काठावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं कोरलं की माणूस अमर होतो. निदान पातेल्याला पोचा येईपर्यंत.

या अमरत्वाची आमच्याकडची व्यवस्था भूपाल आण्णा मगदूम पाहतात. आण्णा कुणाच्याही घरी गेले की हातात आलेला पेला आधी गोल फिरवतात, त्यावरचं नाव वाचतात आणि मगच पाणी पितात. "हा तुमच्या थोरल्या आत्याच्या लग्नातला," असं ते यजमानांना सांगतात. यजमानांना बऱ्याचदा थोरली आत्याही आठवत नसते.

एकदा ही सवय महागात पडली. गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष शीतल शेटे यांच्या मुलीचा साखरपुडा होता. शेट्यांचं फरशांचं दुकान आहे आणि त्यांचं बोलणंही फरशीसारखंच चकचकीत आणि थंड असतं. पंगतीत वाढायला आलेल्या बाईंच्या हातातला वरणाचा डाव आण्णांनी हळूच धरला, चष्मा वर सरकवला आणि व्याही मंडळींच्या समोर खणखणीत आवाजात म्हणाले, "शेटे, हा डाव आपल्या भांडाराचा हाय की ओ! लय दिवस हुडकत होतो." लग्न ठरल्याप्रमाणे झालं. डाव साखरपुड्याच्याच संध्याकाळी परत आला. शेटे मात्र ते विसरले नाहीत.

भांडार म्हणजे गल्लीची सार्वजनिक भांडी. देवळामागच्या खोलीत पातेली, पराती, हंडे, झारे आणि गुऱ्हाळात गूळ करायला असते तशी एक अवाढव्य काहील आहे. पूर्वी गल्लीत लग्न, बारसं, बारावं काहीही असलं की भांडी इथून जायची. आता केटररवाला टेम्पो भरून स्वतःची भांडी आणतो. भांडाराचं कुलूप त्यामुळे बहुतेक वेळा आण्णाच उघडतात, भांडी मोजतात, पुसतात आणि पुन्हा लावतात.

आण्णांची सगळी नोकरी झाली कडेगावकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. उसाची गाडी भरलेली तोलायची, रिकामी तोलायची आणि फरक लिहायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी काटा डोक्यातून उतरलेला नाही. कुणी सांगितलं की अमक्याचा मुलगा फार हुशार आहे, तर आण्णा म्हणतात, "आधी काट्यावर घ्या, मग बोला." पुढाऱ्याचं भाषण झालं की म्हणतात, "गाडी मोठी, ऊस न्हाई." पत्नी सुमनकाकी गेल्यापासून ते एकटे राहतात. मूलबाळ नाही. जेवणाचा डबा येतो. तो ते झाकण उघडण्याआधी हातात धरून तोलतात आणि रोज म्हणतात, "कालच्यापेक्षा हलका."

भांडाराचं जुनं रजिस्टर महापुरात वाहून गेलं. तेव्हा अध्यक्ष शेट्यांनी ठरवलं की भांडाराचं संगणकीकरण करायचं. त्यांच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर मंडळाला भेट मिळाला. त्याला हार घातला, नारळ फोडला आणि शेट्यांनी एकविसाव्या शतकावर भाषण केलं. भाषणात एकविसावं शतक बरंच आलं, भांडी एकदाच आली. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडाल्यामुळे स्पेसबार तेव्हापासून अडकतो.

शेट्यांनी एक सुबक तक्ता तयार करून दिला होता. प्रकार, धातू, आकार, स्थिती असे रकाने. आण्णा तक्त्यासमोर बसले आणि तासाभरात माझ्या दारात आले.

"मास्तर, ह्यो तक्ता काय कामाचा न्हाई."

मी शाळेतून निवृत्त झालेला इतिहासाचा शिक्षक. मला तक्त्यांबद्दल काही म्हणायचं नसतं. "का हो आण्णा?"

"त्या उपाध्यांच्या परातीला एक कान हाय. कान कुठं लिवू? काहील पुरात होडी म्हणून चालवली, म्हातारी माणसं काढली तिच्यातनं. त्येचा रकाना कुठाय? रकाना घालावा तर बाकीच्या समद्या भांड्यांम्होरं 'होडी: न्हाई, न्हाई, न्हाई' असं लिवाय लागतंय. चमच्याला होडीचं इचारायचं व्हय?"

प्रश्न रास्त होता. त्या शनिवारी माझी मुलगी मेघा पुण्याहून आली होती. ती तिथे सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तिने आण्णांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आण्णा, तुम्हाला तक्ता नकोच. तुम्हाला डॉक्युमेंट डेटाबेस हवा. नो-एसक्यूएल प्रकारातला. त्यात रकाने नसतात. प्रत्येक भांड्याचा एक स्वतंत्र कागद समजा. ज्याच्यावर जे लिहायचं ते लिहा. एकाला कान, एकाला होडी. कुणी कुणाशी जुळवून घ्यायचं नाही."

"म्हंजे आपल्या गल्लीसारखं," आण्णा म्हणाले.

"आणि एकदम हलका आहे. सर्व्हर नको, काही नको. सगळं एका फायलीत राहतं."

हलका म्हटल्यावर आण्णांचा चेहरा पडला. हलक्या वस्तूबद्दल त्यांचं मत आयुष्यभराच्या नोकरीने बनलेलं आहे. "हलका म्हंजे किती हलका? भांडी पितळेची हायत, पोरी. पेलंल का त्येला?"

दुसऱ्या दिवशी डेटाबेस बसवायचा कार्यक्रम झाला. आण्णांनी देवळाबाहेर काढतात तशा चपला भांडाराबाहेर काढल्या. दुपारभराचं काम असणार म्हणून चहाचा थर्मास आणि चकल्यांचा डबा आणला होता. मेघाने आधी पायथन नावाची भाषा कॉम्प्युटरवर आहे का ते पाहिलं, नव्हती, ती घातली. मग काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली. पडद्यावर काही इंग्रजी ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या.

"झालं," मेघा म्हणाली.

"काय झालं?"

"डेटाबेस बसला."

आण्णांनी कॉम्प्युटरच्या मागे वाकून पाहिलं. "आवं, कारखान्यात नवा काटा बसवला तवा मुंबईचा इंजिनेर आठवडाभर तितं मुक्कामाला हुता. मटण खाऊन गेला." आण्णा जैन, त्यामुळे यातलं शेवटचं वाक्य ते नाक मुरडून म्हणाले. काम एका ओळीत आटोपलं होतं. चकल्या मात्र पूर्ण कार्यक्रमाच्या हिशोबाने संपल्या.

मेघाने पहिली नोंद करून दाखवली. एक महिरपी कंस, आत 'भांडं' आणि पुढे 'परात', 'कान' आणि पुढे 'एकच', मग कंस बंद. महिरपी कंस पाहून आण्णा खुलले. "देवाला म्हैरप असती, आता भांड्यालाबी." त्या दिवसापासून त्यांचं आणि डेटाबेसचं पटलं. स्पेसबार अडकत असल्यामुळे ते शब्द जोडून लिहायचे, एका बोटाने, आणि प्रत्येक नोंदीनंतर मागे सरकून काट्याचा काटा स्थिर व्हायची वाट पाहावी तसे पडद्याकडे बघत बसायचे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आण्णा घाबरेघुबरे आले. त्यांनी डेटाबेसची फाईल सहज उघडून पाहिली होती. आत एकही मराठी अक्षर नव्हतं. नुसत्या तिरक्या रेघा आणि आकडे. "मास्तर, भांडी गेली! समदी गेली!" मी त्यांच्याबरोबर धावत गेलो. भांडी खोलीतच होती. मी ती त्यांना हात लावून दाखवली. तरीही ते म्हणाले, "ही न्हवं ओ." मेघाला फोन लावला. ती म्हणाली, काही गेलेलं नाही, त्या डेटाबेसला मराठी अक्षरं अशी सांकेतिक रूपात साठवायची सवय आहे, एक छोटा बदल केला की अक्षरं दिसतील. तो बदल केल्यावर अक्षरं दिसली. आण्णांनी सगळी फाईल वरपासून खालपर्यंत वाचली. मला वाटतं, कै. माणसं आकडे होऊन पडलेली त्यांना बघवली नसावीत.

जोडलेले शब्द सोडवून वाचले की नोंदी काय बहारीच्या होत्या. एका हंड्यापुढे 'आवाज: देवळाच्या घंटेसारखा' असं होतं. एका झाऱ्यापुढे 'स्वभाव: बुंदी बारीक पाडतो'. कै. चंद्राबाई चौगुले यांच्या पातेल्यापुढे लिहिलं होतं, 'बाई: हसतमुख, मूलबाळ नाही, बांगड्या मोडून पातेलं दिलं.' मी विचारलं, "आण्णा, बाईंचा स्वभाव भांड्यात कशाला?"

"मग कुठं लिवू? बाईंच्या नावानं जगात दुसरी वस्तू न्हाई. ज्यांच्या मागं कोण हुतं त्यांनी जमिनी ठेवल्या, घरं ठेवली. ज्यांच्या मागं कोण न्हवतं त्यांनीच भांडी दिलीत मास्तर. पंगतीला कोणतरी वाचंल म्हणून."

संक्रांतीनंतर मंडळाची बैठक झाली. मंडळाच्या सभागृहाला खुर्च्या घ्यायचं चाललं होतं आणि शेट्यांचं म्हणणं असं की पडून राहिलेली भांडी मोडीत घालावीत. "भावनेचा प्रश्न नाही," ते म्हणाले. प्रश्न भावनेचा असला की ते नेहमी हे वाक्य वापरतात. "तुमच्या त्या डेटाबेसलाच विचारू या, आण्णा. गेल्या दिवाळीपासून किती भांडी वापरात आली?"

आण्णा अभिमानाने कॉम्प्युटरकडे गेले. मेघाने पुठ्ठ्यावर लिहून दिलेली शोधायची आज्ञा त्यांनी एकेक अक्षर करून टाइप केली. 'वापर' असलेली सगळी भांडी दाखव. एंटर दाबला.

पडद्यावर रिकामा चौकोनी कंस आला.

"म्हणजे एकही नाही," शेटे म्हणाले.

खरी गोष्ट निराळी होती. डेटाबेसने आण्णांना हवं ते लिहायची मुभा दिली होती आणि आण्णांनी ती घेतली होती. वापराची नोंद त्यांनी कुठे 'कवानेलं' अशी केली होती, कुठे 'गेलतं', कुठे 'लग्नाला' आणि एका ठिकाणी 'मगदूमानंदिलं'. 'वापर' हा शब्द त्यांनी एकदाही लिहिला नव्हता. तक्ता असता तर रकान्याने त्यांना वेळीच अडवलं असतं. रकान्याचा हा एक गुण मी त्या दिवशी मनात मान्य केला. 

आण्णांनी रात्रीच्या आत त्या वेगवेगळ्या शब्दांच्या जागी 'वापर' हा एकच शब्द घातला आणि दुसऱ्या दिवशी शेट्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी कंस रिकामा आला नाही. त्यात एक परात आणि तीन झारे आले. मंडळाने ठराव केला: गुढीपाडव्यापर्यंत ज्या भांड्याच्या नोंदीत नवा वापर नसेल, ते मोडीत.

आण्णा त्यानंतर चार दिवस नुसती भांडी पुसत होते. मला राहवेना. मेघाला विचारून मी आलो होतो. "आण्णा, सोपं आहे. एक ओळ लिहायची आणि सगळ्या भांड्यांच्या वापरात एकदम आजची तारीख पडते. कोण बघतंय?"

आण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला एकदम विद्यार्थी झाल्यासारखं वाटलं. "मास्तर, मी उभ्या जन्मात रिकामी गाडी भरलेली म्हणून लिवली न्हाई. आन आता चंद्राबाईच्या नावावर लिवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात तीन दगडांची चूल पेटली आणि तिच्यावर चंद्राबाईंचं पातेलं चढलं.

पातेलं लग्नात निम्म्या गल्लीचं जेवण शिजेल एवढं. आण्णांनी त्यात स्वतःपुरती मूठभर खिचडी टाकली. ती बुडाला चिकटून कोळसा झाली. मी भिंतीवरून पाहत होतो. "आण्णा, वापर झाला की. लिहा."

"करपिवलं ह्येला वापर म्हणत न्हाईत," आण्णा म्हणाले आणि पातेलं घासायला बसले.

त्यानंतर त्यांनी तांदळाचं पोतं आणलं आणि दारोदार फिरले. "चंद्राबाईंकडं जेवाय या," असं ते सांगायचे. कुण्या चंद्राबाईंकडे, ते कुणाला कळायचं नाही. लोक आधी कीव येऊन आले, मग चव बघायला आले, मग सवयीने यायला लागले. आण्णा सूर्यास्ताच्या आत जेवणारे, त्यामुळे पंगत ऊन असतानाच बसायची आणि गल्लीतल्या बायकांची एका वेळची चूल वाचायची. त्या आण्णांवर खूश होत्या. त्यांच्या स्वयंपाकावर मात्र नाही.

"आण्णा, आमटीत कांदा-लसूण न्हाई, निदान मीठ तरी घालायचं!"

"मीठ घातलंय. तुझ्याच जिभंला काटा मारलाय."

"आज कोणाकडं जेवण?"

"आज उपाध्यांकडं. परातीत लापशी हाय. एका कानाकडनं धरा, कलंडती."

आण्णा वाढताना काठावरचं नाव मोठ्याने वाचायचे. एक दिवस एक म्हातारी हात थांबवून म्हणाली, "ही माझी मावशी की रं." मग ती मावशीबद्दल बोलत राहिली आणि तिचा भात गार झाला. आण्णांनी तिला गरम भात वाढला. त्या दिवशी त्या हंड्याच्या नोंदीत बरीच भर पडली.

काहिलीत काय शिजवणार, हा प्रश्न होता. एवढं दूधही गल्लीत नव्हतं आणि एवढा गूळही. शेवटी आण्णांनी तिच्यात गल्लीच्या गोधड्या धुतल्या आणि नोंद केली, 'वापर: गोधड्या'. शेटे पाहणीला आले आणि म्हणाले, हा वापर चालणार नाही. मी ठराव काढून दाखवला. ठरावात स्वयंपाकाचा उल्लेख नव्हता. शेट्यांनी तो स्वतःच लिहिला होता. ते पंगतीत बसले आणि दोनदा भात घेतला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी आण्णांकडे गेलो तर ते अंगणात शेवटचं पातेलं घासत होते. सगळी भांडी चुलीवरून जाऊन आली होती. उद्या बैठक, उद्या निकाल.

"सुटलात आण्णा," मी म्हणालो.

"व्हय." पातेलं लख्ख झालं होतं. त्यात त्यांचं तोंड दिसत होतं. तरी ते चिंच लावून घासतच राहिले. "परवापास्नं डब्याचं सांगाय पायजे त्या बाईंना. बंद केलाता न्हवं."

 मी म्हणालो, "डबा हलका असतो, सांगा त्यांना."

"एकट्याचा किती जड असणार?" आण्णा म्हणाले आणि पातेल्यावर पाणी ओतलं.

बैठकीत आण्णांनी शोधाची आज्ञा टाइप केली. या वेळी पडदा भरून भांडी आली, वर सरकत राहिली, बराच वेळ थांबली नाहीत. शेट्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली. मग ते उभे राहिले. त्यांच्याकडे मोठेपणा नाही असं नाही, फक्त तो वापरायला ते उशीर लावतात. "मी अध्यक्ष या नात्याने मागचा ठराव मागे घेतो," ते म्हणाले. "एकही भांडं मोडीत जाणार नाही. वापराची अटही रद्द करू. आण्णा, तुम्हाला फार त्रास झाला."

टाळ्या पडल्या. आण्णा उठले, तेव्हा सगळ्यांना वाटलं आभार मानणार.

"अट ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले.

"अहो, तुमचीच भांडी वाचतायत ना!"

"ऱ्हाऊ दे अट. परत्येक भांडं वर्षातनं एकदा चुलीवर चढलं पायजे. न्हाईतर मोडीत घाला." हे म्हणताना ते कुणाकडेच बघत नव्हते. पडद्याकडे बघत होते.

शेटे माझ्याकडे पाहायला लागले. मी पंख्याकडे पाहिलं.  मग शेटे खाली बसले, पेन उघडलं आणि ठराव स्वतःच्या हाताने लिहायला घेतला. 'भांडारातील प्रत्येक भांड्याचा वर्षातून किमान एकदा वापर करणे बंधनकारक राहील. सदर वापर श्री. भूपाल मगदूम यांच्या अंगणात व गल्लीतील सर्व रहिवाशांच्या उपस्थितीत करण्यात यावा.' उपस्थितीचं कलम आण्णांनी मागितलं नव्हतं.

ठराव एकमताने मंजूर झाला.

वर्ष पुरं हातात होतं. घाई कशाचीच नव्हती. तरी दुसऱ्याच दिवशी आण्णांनी सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलं आणि ठरावाला मान देऊन सगळी गल्ली गेली. शेटे सहकुटुंब आले होते.

पिठलं करपलं होतं. आण्णांनी वापराची नोंद केली नाही.